वाटेकाठचे मौन

कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिने जोडली जातात आणि मग बोरघाटाची चढण सुरू होते. पळसदरी, जांबरुंग, ठाकुरवाडी, नागनाथ, मंकी हिल अशी नावे एकामागून एक येतात. त्यातल्या ठाकुरवाडीला चढणारा-उतरणारा प्रवासी नाही, ती घाटातली रेल्वेची कामापुरती जागा. पण तिथून पुढे, बोगद्यांच्या मधल्या उघडिपीत, डब्याच्या दारात उभ्या असलेल्याला खाली उल्हास नदीचे खोल हिरवे खोरे आणि पलीकडे राजमाचीचे दोन बालेकिल्ले दिसतात: श्रीवर्धन आणि मनरंजन. त्या डोंगराच्या पायथ्याच्या जंगलात, गाडीतून न दिसणाऱ्या एका कड्याच्या पोटात, कोंडाण्याची लेणी आहेत. साधारण दोन हजार वर्षांपूर्वी तिथे भिक्खू राहत होते, पावसाळा काढत होते, ध्यानाला बसत होते.

ठाकुरवाडी हे नाव एकाच ठिकाणाचे नाही. कर्जत आणि खालापूर तालुक्यांत डोंगराच्या सोंडांवर आणि पायथ्याला कितीतरी ठाकुरवाड्या आहेत. नाचणी, वरी आणि भात पिकवणाऱ्या, जंगलातल्या भाजी-कंदांची आणि पायवाटांची खडान्‌खडा माहिती असलेल्या ठाकूर समाजाच्या या वस्त्या. का-ठाकूर आणि म-ठाकूर या त्यांच्या दोन प्रमुख शाखा. ल. ना. चापेकरांनी सह्याद्रीतल्या ठाकुरांवर सविस्तर अभ्यास केला आणि त्यांचे इंग्रजी पुस्तक १९६० मध्ये प्रसिद्ध झाले. या भागातल्या लेण्यांविषयी लिहिताना वाड्यांपासून सुरुवात करण्याला कारण आहे. लेणी म्हटले की निर्मनुष्य रान, जगाकडे पाठ फिरवलेले साधू, कोणाला न सापडणारी गुहा असे चित्र डोळ्यांपुढे येते. कोंडाणे हे चित्र खोटे ठरवते. ही जागा निवडली गेली ती माणसांच्या वाटेवर होती म्हणून.

बौद्ध परंपरेत याविषयी स्पष्ट दंडक सापडतो. श्रावस्तीच्या अनाथपिंडिकाने संघासाठी आराम बांधायचे ठरवले, तेव्हा कशी जागा शोधली, याचे वर्णन विनयपिटकात आहे. जागा गावापासून फार लांब नको आणि फार जवळही नको. येणाऱ्या-जाणाऱ्याला सोयीची हवी. दिवसा तिथे वर्दळ नसावी आणि रात्री गलका नसावा. अशी जागा म्हणून जेतवन निवडले गेले. भिक्खूने शिजवायचे नाही, साठवायचे नाही, रोज सकाळी पात्र घेऊन गावात जायचे आणि मिळेल ते खायचे, असा नियम असेल तर एकान्तालासुद्धा चालत जाण्याच्या अंतरावर चूल लागते. कोंडिवडे गावातून कोंडाण्याच्या लेण्यांपर्यंत आज चालत जायला तासा-दीड तासाची वाट आहे. सकाळी उतरून भिक्षा मागावी आणि ऊन माथ्यावर येण्याआधी परत वर पोहोचावे, इतकेच हे अंतर.

आणि गावाहून महत्त्वाचा होता रस्ता. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक दर्यावर्दी माहितीपुस्तकात कल्याण आणि सोपारा या बंदरांची नावे आहेत. कल्याणच्या खाडीला येऊन मिळते ती उल्हास नदी. तिच्या काठाने आत यायचे, कर्जतच्या बाजूने खोऱ्याच्या तोंडाशी पोहोचायचे आणि बोरघाटाच्या अंगाने वर चढायचे, की समोर इंद्रायणी आणि पवनेचे मावळ. तिथून जुन्नर, तिथून पैठण, तिथून तेर. घाटमाथ्याच्या बाजूला कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी आहेत आणि घाटाच्या तळाशी कोंडाणे. नकाशावर हे ठिपके जोडले तर व्यापाऱ्यांच्या बैलांच्या तांड्यांची वाट उमटते. १८३० मध्ये गव्हर्नर माल्कमच्या काळात बोरघाटातून गाडीरस्ता झाला, १८६३ मध्ये आगगाडी गेली, पुढे द्रुतगती मार्ग आला. प्रत्येकाने याच डोंगररांगेतली सोय शोधली, जी भिक्खूंनी आणि तांडेवाल्यांनी फार आधी ओळखली होती. रेल्वेचे काम १८५६ मध्ये सुरू झाले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल आजारी पडून वारला, तेव्हा त्याच्या पत्नीने, ॲलिस ट्रेडवेलने, ते कंत्राट पुढे नेले. पंचवीस बोगदे फोडावे लागले आणि सर्वांत तीव्र चढण ३७ फुटांमागे एक फूट इतकी ठेवावी लागली. तोच काळाकुळकुळीत बेसॉल्ट. फक्त एका युगात तो सुरुंगाने उडवला आणि दुसऱ्या युगात छिन्नीने, वरून खाली, तसूतसूने उतरवला.

कोंडाण्यात पोहोचल्यावर पहिल्यांदा दिसतो तो चैत्यगृहाचा भग्न दर्शनी भाग. काळ इसवी सनापूर्वीचे पहिले शतक. काही अभ्यासक त्याहून थोडा मागे जातात. आतला मंडप सुमारे वीस मीटर लांब, आठ मीटर रुंद आणि कमानीच्या माथ्यापर्यंत साडेआठ मीटरांहून थोडा उंच. टोकाला अर्धगोलाकार भागात स्तूप, त्याचा व्यास तीन मीटरांच्या जवळपास. दोन्ही बाजूंनी खांबांच्या रांगा होत्या. आज त्यातले बरेच खांब मधूनच नाहीसे झालेले आहेत: वरचा तुकडा छताला लटकलेला, खालचा भाग पाण्याने आणि काळाने खाल्लेला. पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो लोंबणारा दगड चुकीचा वाटतो. पण लेण्यात खांब छताला पेलत नाही, दोन्ही एकाच कातळाचे असतात. खांब गेला तरी छत पडत नाही.

मग खांब कोरलेच कशाला? या प्रश्नापाशी थांबले पाहिजे, कारण कोंडाण्याचे खरे मोल त्याच्या उत्तरात आहे. कारागिरांच्या डोळ्यांपुढे लाकडी इमारत होती. त्या काळातले मोठे वाडे, सभागृहे, विहार सागाच्या तुळयांवर, वाशांवर आणि खांबांवर उभे असत. त्यातले आज काहीच उरलेले नाही, वाळवीने आणि आगीने सगळे गिळले. उरले ते फक्त दगडातले प्रतिरूप. कोंडाण्याच्या दर्शनी भिंतीवर एकावर एक चढत गेलेले सज्जे, त्यांचे कठडे, कठड्यांखाली बाहेर डोकावणारी तुळयांची टोके, जाळ्या, पिंपळपानी कमानी, सगळे दगडात आहे, पण सुताराच्या हिशेबाने मांडलेले. चैत्याच्या छताला तर खरोखरचे लाकडी वासे आतून बसवले होते. कोंडाण्यात त्यांच्या खोबणी आणि खुणा दिसतात. घाट चढून कार्ल्याला गेले, तर चैत्याच्या छताखाली सागाच्या कमानी अजून जागच्या जागी आहेत. कार्ल्याच्याच एका शिलालेखात धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराने दाराचे काम केल्याची नोंद आहे. म्हणजे छिन्नीवाल्यांच्या शेजारी रंधा आणि वाकस घेतलेली माणसेही राबत होती. प्राचीन महाराष्ट्रातली घरे कशी दिसत असतील, हे ज्याला पाहायचे आहे, त्याने ग्रंथालयाआधी इथे यावे.

सज्ज्यांच्या पट्ट्यांतून माणसे दिसतात. नाचणारी जोडपी, धनुष्य घेतलेला पुरुष, डौलात वळलेल्या स्त्रिया. झिजलेली आहेत, नाकडोळे गेलेले आहेत, पण कमरेचा बाक आणि उचललेला हात अजून ताजा वाटतो. ध्यानाच्या जागेच्या दारावर नाच का, असे विचारणारे पुष्कळ भेटतात. दर्शनी भाग हा येणाऱ्या-जाणाऱ्यांचा होता, उपासकांचा, दान देणाऱ्यांचा. त्यांना आपले जग दारावर पाहायला आवडत असणार, आणि संघाला त्यात वावगे वाटले नाही. संसार दारापर्यंत येऊ द्यायचा आणि आत फक्त स्तूप ठेवायचा, ही मांडणी मोठी उदार आहे. बुद्धाची कोरीव मूर्ती कोंडाण्यात नाही. ही लेणी त्या आधीच्या परंपरेची, जिथे स्तूपाभोवती प्रदक्षिणा घालणे हीच पूजा होती.

चैत्याच्या दर्शनी भागात डाव्या अंगाला एका मोठ्या मूर्तीचा भंगलेला अवशेष आहे. मस्तकाचा भाग, त्यावरचा अलंकार, बाकी सगळे गेलेले. तिच्याजवळ ब्राह्मी लिपीत एक ओळ कोरलेली आहे. तिचा अर्थ असा, की कण्हाचा म्हणजे कृष्णाचा शिष्य बलक याने हे केले. इतकेच. ना राजाचे नाव, ना वर्ष, ना दानाची रक्कम. पश्चिम भारतातल्या लेण्यांत शेकडो लेख आहेत, पण ते बहुतेक देणाऱ्यांचे आहेत: कोणी खांब दिला, कोणी पाण्याचे टाके दिले, कोणी गाव दिले. करणाऱ्याचे नाव अगदी क्वचित. त्यात बलकाने स्वतःआधी आपल्या गुरूचे नाव लिहिले आहे. त्याने ती मूर्ती घडवली की सगळे चैत्यगृह, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. मूर्ती घडवली असेल असे मानणे जास्त सुरक्षित. पण हे काम शिकवणारा कोणीतरी होता, त्याच्या हाताखाली शिकणारा कोणीतरी होता आणि त्या शिकण्याचा त्याला अभिमान होता, एवढे या ओळीतून नक्की कळते. उल्हासच्या खोऱ्यातल्या नाव माहीत असलेल्या अगदी जुन्या माणसांपैकी हे दोघे, आणि ते राजे नाहीत, कारागीर आहेत. कर्जत-खालापूरच्या प्रत्येक शाळेत मुलांना ही नावे ठाऊक असायला हवीत.

चैत्याला लागून विहार आहे. मधला मंडप सुमारे सात मीटर रुंद, पावणेनऊ मीटर खोल आणि जेमतेम अडीच मीटर उंच. त्यात खांब होते, आणि इतक्या जुन्या विहारात आतून खांबांची योजना सहसा आढळत नाही. छतावर तुळया आणि आडव्या पट्ट्यांचे चौकोन कोरलेले, पुन्हा तीच लाकडाची आठवण. तीन बाजूंना भिक्खूंच्या खोल्या, एकूण अठरा. खोलीत दगडी ओटा, झोपायला आणि बसायला तोच. दार इतके अरुंद, की आत उजेड आला तर तिरकाच येतो.

या खोल्यांचा अर्थ पावसाळ्यात उलगडतो. भिक्खूंनी वर्षभर फिरते राहावे आणि पावसाचे तीन महिने एका जागी थांबावे, असा वर्षावासाचा नियम होता. पिकांच्या कोवळ्या रोपांवर पाय पडू नयेत, चिखलातले जीव मरू नयेत, हे त्यामागचे कारण सांगितले जाते. खंडाळा-लोणावळ्याच्या माथ्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला मोठा वाटा जुलै-ऑगस्टमध्येच कोसळतो. तेव्हा कोंडाण्याच्या लेण्यांवरून पाण्याचा पडदा खाली पडतो. त्या पडद्यामागे, ओल्या कातळात, बाहेरचा दुसरा कुठलाही आवाज ऐकू येत नसताना, आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत भिक्खू राहत. पण नियमाने घातलेला हा मुक्काम म्हणजे कायमची सुटका नव्हती. पाऊस ओसरला की ते पुन्हा वाटेला लागत, तांड्यांबरोबर चालत, पुढच्या लेण्यात पोहोचत. लेणी ही एका लांब प्रवासातली मुक्कामाची ठिकाणे होती.

हा सगळा खर्च कोण करत होते? कोंडाण्याचा बलकाचा लेख त्यावर गप्प आहे, म्हणून शेजाऱ्यांकडे पाहावे लागते. कार्ल्याचे चैत्यगृह वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने पुरे केले, असे तिथला लेख सांगतो. खांबांवर धेनुकाकटच्या यवन दात्यांची नावे आहेत. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने तिथल्या भिक्खूंना करजिक हे गाव दिले, आणि क्षत्रपांचा पाडाव झाल्यावर सातवाहनांनी ते दान चालू ठेवले. राजवटी एकमेकींचे गळे धरत होत्या तेव्हाही पावसाळ्यातल्या भिक्खूंचा शिधा थांबला नाही. कान्हेरीच्या लेखांत कल्याणचे व्यापारी पुन्हा पुन्हा भेटतात. त्यांच्याबरोबर कल्याणचाच नंद नावाचा एक लोहार आहे. त्याने दान दिली ती एक वाट. लेण्यांकडे जाणारी पायवाट बांधून देणारा हा लोहार सगळ्या श्रेष्ठींपेक्षा मनाला जास्त भिडतो. छिन्नीला धार लावणाऱ्याच्या घरूनही काहीतरी डोंगरावर पोहोचले.

कर्जत तालुक्यातले दुसरे लेणे आंबिवलीचे. कोथळीगडाच्या पायथ्याला, नदीच्या वळणावर, एका लांबट बुटक्या टेकाडाच्या कड्यात ते खोदलेले आहे. इथे चैत्यगृह नाही, नाचणारी जोडपी नाहीत. एक प्रशस्त चौकोनी मंडप, तीन भिंतींना प्रत्येकी चार अशा बारा खोल्या आणि भिंतींच्या पायाशी सलग कोरलेला दगडी बाक. पुढे ओसरी आणि तिचे खांब. समोर वाहते पाणी. कोंडाण्याची भव्यता इथे नाही, पण बारा माणसांनी एकत्र राहायचे, बाकावर ओळीने बसायचे, बोलायचे किंवा न बोलायचे, याची कल्पना आंबिवलीत जास्त नेमकी येते. नंतरच्या काळात तिथे जोगी, बैरागी राहिले. लेण्यांचा बौद्ध काळ संपल्यावरही वाटेवरची कोरडी, सावलीची जागा कोणी वाया घालवली नाही.

ग्रंथांमध्ये कोंडाण्याचा ‘शोध’ १८५० च्या सुमाराचा मानला जातो. विष्णुशास्त्री या पंडितांनी ही लेणी अभ्यासकांच्या नजरेस आणली आणि त्यानंतर ठाण्याचे कलेक्टर लॉ तिथे जाऊन आले. मुंबईत १८४८ मध्ये लेण्यांच्या पाहणीसाठी मंडळ नेमले गेले होते, जागोजागचे लेख उतरवले जात होते, त्या लाटेतलीच ही नोंद. पुढे फर्ग्युसन आणि बर्जेस यांच्या १८८० च्या ग्रंथात कोंडाण्याची मोजमापे आणि वर्णन आले. त्यावेळी कर्जत ठाणे जिल्ह्यात होते. १८९१ मध्ये ते कुलाब्याला जोडले गेले आणि १९८१ मध्ये कुलाब्याचा रायगड जिल्हा झाला. या नोंदींबद्दल आदर बाळगूनही एक गोष्ट म्हटली पाहिजे. ज्यांची गुरे त्या रानात चरत होती, पावसात जे लेण्याच्या आडोशाला उभे राहत होते, राजमाचीला जाणारी वाट ज्यांच्या पायाखालची होती, त्यांना ही लेणी शोधावी लागली नव्हती. कलेक्टरसाहेबांना वाट दाखवणारा माणूसही याच गावा-वाड्यांमधला असणार. त्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. बलकाचे राहिले, ते त्याने स्वतः कोरले म्हणून.

विसाव्या शतकात या रिकाम्या खोल्यांना पुन्हा वारस मिळाले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली आणि महाराष्ट्रातल्या लेण्यांकडे पाहण्याची नजरच बदलली. पुरातत्त्वाचे अवशेष म्हणून पाहिल्या जाणाऱ्या जागा असंख्य कुटुंबांसाठी आपल्या पूर्वपरंपरेच्या जागा झाल्या. शुभ्र वस्त्रे घालून, मुलाबाळांना घेऊन, स्तूपासमोर वंदना म्हणणारे लोक कार्ल्याला, कान्हेरीला, कोंडाण्याला येऊ लागले. हा इतिहास दगडाइतकाच महत्त्वाचा आहे.

ध्यानाची वाट मात्र लांबून, समुद्र ओलांडून परत आली. मंडाले इथे १९२४ मध्ये जन्मलेले सत्यनारायण गोएंका ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे विपश्यना शिकले आणि १९६९ मध्ये भारतात आले. त्याच वर्षी जुलैत मुंबईच्या एका धर्मशाळेत त्यांचे पहिले शिबिर झाले. पुढे इगतपुरीला धम्मगिरी उभी राहिली आणि १९७६ पासून तिथे शिबिरे सुरू झाली. दहा दिवसांचे शिबिर, आर्य मौन, पहाटे चारला उठणे, दुपारनंतर जेवण नाही. आणि ध्यानासाठी पॅगोडाभोवती एकेकट्या माणसाच्या छोट्या खोल्या, शून्यागार. कोंडाण्याची अंधारी खोली पाहून आलेल्याला तिची मापे ओळखीची वाटतात. जागेची निवडही जुन्या वळणाची निघाली: इगतपुरी थळघाटाच्या माथ्यावर आहे, मुंबईहून निघालेल्या लोहमार्गाने सह्याद्री ओलांडण्यासाठी जे दोन घाट निवडले त्यातला बोरघाटाचा हा जोडीदार. वस्तीपासून जरा बाजूला, पण स्टेशनच्या जवळ. मुंबईच्या गोराईला याच परंपरेतला ग्लोबल विपश्यना पॅगोडा २००९ मध्ये राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते खुला झाला. जोधपूरचे दगड एकमेकांत अडकवून रचलेला त्याचा घुमट आतून एकाही खांबाशिवाय उभा आहे आणि त्याखाली आठ हजार माणसे एका वेळी बसू शकतात. कोंडाण्यात गरज नसताना खांब कोरले, इथे गरज वाटेल अशा ठिकाणी ते टाळले.

कान्हेरी आणि गोराई एका दिवसात जोडून दाखवणाऱ्या सहली आता मुंबईत रुळल्या आहेत. कर्जतच्या बाजूला तशी तयार आखणी कमी, आणि इथे माहितगाराची गरज मात्र अधिक. कोंडाण्याला येणारे बहुतेक जण राजमाचीच्या चढणीतला थांबा म्हणून येतात, पावसात धबधब्याखाली भिजतात, एक फोटो काढतात आणि पुढे जातात. बलकाची ओळ त्यांच्या डोक्यावर असते, पण वर पाहा म्हणून सांगणारे कोणी नसते. कोंडिवड्यातल्या आणि आसपासच्या वाड्यांतल्या तरुण मुलामुलींना ब्राह्मी अक्षरे, लाकूडकामाची भाषा आणि वर्षावासाचा नियम शिकवला, तर यापेक्षा चांगले वाटाडे मिळणार नाहीत. वाट त्यांना येतेच. त्या ज्ञानाचा योग्य मोबदला त्यांना मिळाला पाहिजे, आणि तो देण्याची तयारी मुंबई-पुण्याहून येणाऱ्यांनी ठेवली पाहिजे. लेणी केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत, पण भिंतींवरची कोळशाची नावे थांबवण्याचे काम जवळ राहणारी, माहिती असलेली माणसेच करू शकतात.

दसऱ्यानंतर, भातकापणीच्या दिवसांत, वाट वाळते आणि पाण्याचा पडदा विरळ होऊन दर्शनी भागावरचे कोरीवकाम स्पष्ट दिसू लागते. पहाटेच्या लोकलने कर्जतला उतरून आधी कोंडिवडे गाठावे, ऊन चढण्याआधी चैत्यासमोर पोहोचावे, विहारातल्या एखाद्या ओट्यावर थोडा वेळ न बोलता बसावे. उतरल्यावर कर्जतला परत येऊन कशेळ्याच्या रस्त्याने आंबिवलीला जाता येते. दोन्ही लेणी नीट पाहूनही संध्याकाळची मुंबईची लोकल मिळते.